निस्तार

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. मृग कोरडा गेला होता आणि पहिल्या सरीची वाट पाहून सारे नागपूर शहर हैराण झाले होते. अशा एका दुपारी आमच्या गावच्या सरपंचबाई दोघा वृद्धांना बरोबर घेऊन माझ्या घरी आल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, याच्यावर आक्षेप लिहून पाहिजे. मुदत पंधरा दिवसांची आहे. तुम्ही गावचेच, तुमच्याइतकं नीट लिहिणारं दुसरं कोण आहे?"

तीस वर्षे मी कॉलेजात निबंध कसा लिहावा हे शिकवीत आलो. परंतु ज्याच्यावर कोणाच्या गुरांचा चारा अवलंबून आहे, असे चार ओळींचे लेखन माझ्या हातून आजवर घडलेले नव्हते. मी चष्मा पुसून कागद वाचू लागलो. गावाच्या पूर्वेकडील जमीन गोदामांच्या एका संकुलासाठी देण्याचे योजिले असून ती जमीन 'पडीत व वापरात नसलेली' आहे, असे त्यात म्हटले होते. बरोबरच्या वृद्धांपैकी एक गावचा गायकी होता. गावची गुरे चारण्यातच त्याचे आयुष्य गेले आहे. त्याने मला तो मजकूर पुन्हा एकदा वाचावयास लावला आणि मग तो हसला. "वापरात नाही म्हंते? मंग मी रोज सकायी जातो कुठी, मास्तर?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. कारण चौथीपर्यंत मी त्याच गावात वाढलो. त्या जमिनीला आम्ही बरड म्हणत असू. मुरमाड उतार, त्यावर हिवर आणि भराटी, नाल्याच्या काठाने पळस, आणि बाकी सारे गवत. पावसाळ्यात ते कमरेपर्यंत वाढे आणि थंडी पडू लागली की त्याची कुसळे होऊन आजोबांच्या धोतराला चिकटत. आषाढात बायका तेथे तरोट्याची कोवळी भाजी खुडावयास जात. घर सारवावयाची माती तेथली, अंगणात टाकावयाचा मुरूम तेथला, लग्नाच्या पत्रावळींची पाने तेथली. पोळ्याच्या दिवशी बैल ज्या आखरावर गोळा होत, तो आखर तिच्या एका टोकाला. आणि दुसऱ्या टोकाला, दोन मोठ्या दगडांच्या आड, लहान मुलांना मूठमाती देण्याची जागा. माझी एक धाकटी बहीण सव्वा महिन्याची होऊन गेली. तिला तेथेच ठेवले आहे. आमची आई त्यानंतर त्या बाजूला कधी गेली नाही. सरपण आणावयाचे झाले तरी ती लांबच्या वाटेने जाई. 'वापरात नसलेली' हे शब्द वाचताना मला प्रथम आठवण झाली ती आईच्या त्या लांबच्या वाटेची.

'पडीत' हा शब्द मोठा फसवा आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडलेली, असा त्यामागचा हिशेब. नांगर फिरला तर जमीन उभी, न फिरला तर पडलेली! नकाशावर शेतांना आकडे असतात, रस्त्यांना रेघा असतात, तळ्यांना निळा रंग असतो; बरडाच्या वाट्याला मात्र कोरा कागद येतो. आणि कोरा कागद दिसला की कोणाला तरी त्यावर काही लिहावेसे वाटते, हा मनुष्यस्वभावच आहे.

तथापि आमच्या नागपूर प्रांताच्या महसुली परिभाषेत दुसराही एक शब्द आहे, आणि तो माझ्या मते 'पडीत'हून फार शहाणा आहे. तो शब्द 'निस्तार'. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यावर इंग्रजांनी येथे मालगुजारीची पद्धत बसविली आणि गावचा मालकी हक्क मालगुजाराच्या पदरात टाकला. परंतु मालक झाला म्हणून त्याला गावचे रान मनमानेल तसे कोंडून घेता येत नसे. गुरांची चराई, चुलीचे सरपण, नांगराचे लाकूड, वाटा आणि पाणवठे यांविषयी गावची वहिवाट काय आहे, ते 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या लेखात नोंदलेले असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नाहीशी झाली आणि ही राने सरकारजमा झाली. पण निस्तार मेला नाही. १९५६ साली विदर्भ मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १६१ व्या कलमाने 'निस्तार पत्रक' व १६५ व्या कलमाने 'वाजिब-उल-अर्ज' हे दोन्ही जुने शब्द जसेच्या तसे येऊन बसले. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीची व्यवस्था कशी असावी, गुरे कोणत्या अटींवर चरावीत, लाकूड, मुरूम, माती, दगड कोणी कसे न्यावेत, हे त्या पत्रकात लिहावयाचे आणि तेही गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन, असा तो दंडक आहे.

सरपंचबाईंनी पिशवीतून आणलेला दुसरा कागद म्हणजे आमच्या गावच्या निस्तार पत्रकाची नक्कल होती. तीत बरडाचे दोन भाग होते. मोठा भाग गायरान, आणि नाल्यालगतची पट्टी 'झुडपी जंगल'. या दुसऱ्या नावाचा महिमा अलीकडे वाढला आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन कागदोपत्री झुडपी जंगल म्हणून पडून होती. ती धड वन नव्हे आणि धड रानही नव्हे, अशा वादात कित्येक वर्षे गेली. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनच होय असा निर्णय दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई हे अमरावतीचे आणि नागपूरच्या खंडपीठात वकिली केलेले. झुडूप म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना तेथे रीतसर जागा मिळाल्या त्यांच्यासाठी न्यायालयाने एकवेळच्या अपवादाची वाट ठेवली. आणि जे तीन हेक्टरांहून लहान तुकडे वनाला लागून नाहीत तेही संरक्षित वन म्हणून राखावेत असे सांगितले. नाल्यालगतच्या पट्टीला त्यामुळे बळ आले. गायरानाचे तसे नाही. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांबद्दल कडक शब्द वापरले. पुढे आपल्या संहितेतही गायरान चराईखेरीज अन्य कामी देऊ नये असे कलम आले. परंतु सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी योग्य जागाच नसेल तर काय, एवढे दार त्यात उघडे आहे. आणि दार उघडे असले की त्यातून आत येणाऱ्याला घाई असतेच.

मंडळी जावयास निघाली तेव्हा गायकी अंगणात थांबला. आमच्या वसाहतीकडे त्याने चौफेर पाहिले. नागपूरकर अशा वसाहतीस 'ले-आउट' म्हणतात. गावचे शिवार संपले आणि शहर सुरू झाले याची खूण म्हणजे हा शब्द. तो म्हणाला, "हे माह्या मामाच्या गावचं रान व्हय. लहानपणी इथं ढोरं चारली म्या. तुमचं घर हाय तिथं बोरी होत्या." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, जुन्या ओळखीच्या माणसाचे नाव घ्यावे तसे तो बोलला. मी मात्र फाटकाला हात लावून उभाच राहिलो.

कारण दोनच महिन्यांपूर्वी आमच्या ले-आउटमधील रहिवाशांनी एक अर्ज केला होता. संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध गुरे येऊन बसतात, वाहनांस अडथळा होतो, तरी बंदोबस्त व्हावा, असा तो अर्ज. त्याच्यावर माझीही सही होती. शिवाय त्यातील दोन वाक्यांची भाषा मीच सुधारून दिली होती! ती गुरे तेथेच का बसतात, हा प्रश्न आम्हां शिकल्यासवरल्यांपैकी एकालाही पडला नव्हता. आम्ही त्यांच्या जागेत येऊन बसलो होतो, एवढेच त्याचे उत्तर होते. कॉलेजला जाताना मी बर्डीवरच्या उड्डाणपुलाखालून जातो. त्या पुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी येथील विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेले ११४ गोवारी चेंगराचेंगरीत मेले. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. त्यांची मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती, गायरानाची नव्हती, हे खरे. परंतु पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची गुरे चारून जगणाऱ्या त्या समाजाचे सारे जीवन ज्या रानांवर उभे होते, त्या रानांवरच आमचे ले-आउट उभे आहेत, हा विचार त्या पुलाखालून हजार वेळा जाऊनही मला शिवला नव्हता.

गोल्डस्मिथने १७७० साली लिहिलेले 'डेझर्टेड व्हिलेज' मी कितीतरी वर्षे वर्गात शिकविले. श्रीमंतांच्या हव्यासाने उजाड झालेल्या त्या इंग्रजी खेड्यासाठी माझा कंठ दाटून येत असे. इंग्लंडातील खेडे उजाड झाले तर गहिवर यावा आणि आपल्या शेजारचे खेडे उजाड करून घर बांधले तर वास्तुशांत करावी, असे आमचे शिक्षण! तरीसुद्धा त्या शिक्षणाने मला एक गोष्ट दिली होती, ती आक्षेप लिहावयास बसल्यावर उपयोगी पडली. लंडनच्या कुशीत एपिंगचे मोठे रान आहे. लाउटन गावच्या लोकांना तेथे हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून सरपण नेण्याचा जुना हक्क होता. हा त्यांचा निस्तारच. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिली फांदी तोडून तो दरवर्षी बजावावयाचा अशी रीत असे. १८६५ च्या सुमारास तेथील जमीनदाराने रानाला कुंपण घातले. टॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्या मजुराने कुंपण मानले नाही. त्याच्या घरच्या तरुणांना त्यापायी तुरुंग पाहावा लागला, पण त्याने दावा सोडला नाही. १८७० साली तो मेला आणि त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. परंतु तोवर गोष्ट लंडनपर्यंत पोहोचली होती. लंडनच्या महापालिकेने नवा दावा लावून १८७४ साली तो जिंकला, आणि १८७८ च्या कायद्याने सुमारे सहा हजार एकरांचे ते रान सर्वांसाठी मोकळे राहिले. विद्वानांनी, वकिलांनी, पार्लमेंटाने पुढे पुष्कळ केले. पण त्या सर्वांना हातात धरावयास काही मिळाले, ते एका म्हाताऱ्याने आपली वहिवाट मोडू दिली नाही म्हणून. या कथेचा शेवटही मात्र विसरण्यासारखा नाही. रान राहिले, पण फांद्या तोडण्याचा हक्क त्याच कायद्याने संपला, आणि त्याच्या भरपाईच्या पैशांतून गावात एक सभागृह उभे राहिले. शहराला फिरावयास रान मिळाले आणि गावाला सभागृह!

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली होती. मी मनात एक भाषण जुळवून नेले होते. ते करण्याचा प्रसंगच आला नाही. प्रथम उठला तो एक भूमिहीन तरुण. तो म्हणाला, "गायरान वाचवा, गायरान वाचवा म्हणता. माह्या घरी चार माणसं एका खोलीत झोपतात. घरकुल मंजूर झालं, पण बांधाले जागा नाही. तुमच्या ढोराले जागा हाय, मले नाही." सभा गप्प झाली. माझ्यासारख्याला मोकळे रान आवडते, कारण माझे घर आधीच बांधून झालेले असते, हे त्याने न बोलता सांगितले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती पडीक जमिनी कसणाऱ्यांना मिळाव्यात म्हणूनच. 'पडीत' हा शब्द एकाला लुबाडतो तसा दुसऱ्याला आशाही दाखवतो. गायरान राखण्याची भाषा करणाऱ्याने या तरुणाला उत्तर देता आले पाहिजे. नाहीतर त्याने गप्प बसावे.

उत्तर सरपंचबाईंनी दिले. त्यांनी गावठाणाला लागून असलेला, चराईच्या उपयोगी न पडणारा खडकाळ कोपरा नकाशावर दाखविला आणि म्हटले, "घरांसाठी एवढी जागा गावठाणात वाढवून द्यावी, असा ठराव आधी. बाकीच्यासाठी आक्षेप मग." त्यावर दोन तास वाद झाला, काही शब्द कडूही गेले. गुरेवाल्यांना वाटे, एकदा तुकडा दिला की दुसरा मागतील. तो तरुण म्हणे, गोदामात काम तरी मिळेल. शेवटी दोन्ही ठराव झाले, आधी घरांचा आणि मग रानाचा. मला गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची आठवण झाली. देवाजी तोफांच्या त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो काही एका रात्रीत मिळाला नाही. त्याआधी कित्येक वर्षे ते गाव अभ्यासाला बसत होते, आणि सर्वांचे एकमत झाल्याखेरीज निर्णय करीत नव्हते. आमच्या गावचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. पण कोणी उठून गेले नाही, हेही थोडे नव्हे.

वने आणि बरड यांत आणखी एक भेद आहे. वृक्षाला तोडताना पाहून माणूस कळवळतो. २०२१ च्या सुमारास अजनीच्या रेल्वे वसाहतीतील झाडांवर संकट आले तेव्हा आमचे नागपूरकर उन्हातान्हात फलक घेऊन उभे राहिले. गवताला मिठी कशी मारावी? बरड सुंदर नाही. वैशाखात ते तांबडे, उघडे, भाजलेले दिसते, आणि त्याचे छायाचित्र काढावे असे कोणालाही वाटत नाही. परंतु श्रावणात त्याच उतारावर पाणी मुरते आणि ते फाल्गुनापर्यंत खालच्या विहिरींना पुरते. टिटवी तेथे उघड्यावर अंडी घालते. गावातील ज्याच्याजवळ वितीएवढी जमीन नाही, त्याचीही शेळी तेथे चरते. नागपूर महानगर प्रदेशात आज ७१९ गावे आली आहेत, आणि त्या गावांच्या अशा कोऱ्या दिसणाऱ्या जागांकडेच शहराची पहिली नजर वळते.

आक्षेप मी लिहिला. प्रथम मसुद्यात 'अविभाज्य', 'पर्यावरणीय' असे मोठाले शब्द पडले होते. ते सारे काढून टाकले. गायकी सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. गुरे कोणत्या वाटेने जातात, दुपारी कोणत्या हिवराखाली बसतात, तरोटा कोठे, मुरमाची खाण कोठे, आखर कोठे, मूठमातीची जागा कोठे. निस्तार पत्रकातील नोंदी एका बाजूला आणि आजची वहिवाट दुसऱ्या बाजूला, असा तो कागद झाला. शेवटच्या नोंदीपाशी माझा हात थोडा थांबला. गायकीने काही विचारले नाही. बहिणीला नेले त्या दिवशी तो बरोबर होता.

भाद्रपदात स्थळपाहणीला अधिकारी यावयाचे ठरले. गावातल्या काही उत्साही मंडळींनी सुचविले, शेजारच्या गावांतूनही गुरे आणावी. रान कसे भरलेले दिसेल! गायकीने साफ नकार दिला. "रोज जेवढी जातात तेवढीच नेईन. खोटं कशाले दाखवाचं?" त्या दिवशी बासष्ट गुरे बरडावर होती. त्याच्या तरुणपणी चारशेच्या घरात असत. नांगरणी ट्रॅक्टरवर गेली, बैल कमी झाले, मुलांना गुरांमागे जाणे नको झाले. हे सारे खरे आहे आणि आक्षेपात आम्ही ते लपविले नाही. आमची खरी भीती त्या कागदाची नाहीच. उद्या गायकीचे पाय थकले आणि त्याच्यामागून कोणी गेला नाही, तर निस्तार पत्रकातील सारी अक्षरे जागच्या जागी राहतील आणि 'वापरात नसलेली' हे दोन शब्द खरे होतील. कायदा रानाचे रक्षण करतो तो रोज तेथे जाणाऱ्याच्या भरवशावर.

हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. घरांच्या जागेचा ठरावही अजून वरच्या कचेरीत आहे. मी महिन्यातून एखादा रविवार गावी जातो आणि गायकीबरोबर बरडावर फिरतो. माझ्या एकट्याच्या पायांनी वहिवाट सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण दोन वेळा मी विद्यार्थ्यांनाही बरोबर नेले, आणि त्या भूमिहीन तरुणाने, जो आता शेळ्या पाळतो, त्यांना भराटीची बोरे कशी खावी हे शिकविले. आमच्या ले-आउटमध्ये गुरांविरुद्ध पुन्हा एक अर्ज फिरत आला होता. त्याच्यावर मी सही केली नाही. शेजाऱ्यांना त्याचे आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला.

निस्तार या शब्दाचा आपल्या मराठीत एक भाऊबंद आहे. कोणी काही बिघडवून ठेवले की आपण म्हणतो, 'आता तूच निस्तर.' लहानपणी आमची आई हे वाक्य दिवसातून चार वेळा मला ऐकवीत असे. पूर्वजांनी गावाला निस्तार देऊन ठेवला. आम्ही तो पडीत म्हणून मोडीत काढला, तर मागून येणाऱ्यांना जे निस्तरावे लागेल ते कोणत्याच पत्रकात लिहिलेले नसेल.